सिग्नल पाठवला, पण पुसणार कोण?

सेल सिग्नलिंग, म्हणजे पेशींनी केमिकल सोडून एकमेकींना निरोप देणं, शिकवतात तेव्हा आकृती कायम एकच असते बघा. डावीकडे एक पेशी, तिच्यातून चार ठिपके निघालेत, उजवीकडे दुसरी पेशी, तिच्या अंगावर एक खाच, खाचेत ठिपका जाऊन बसला, मग आत एक बाण, बाणाला अजून दोन बाण, आणि शेवटी चौकटीत "रिस्पॉन्स". झालं, मार्क मिळाले. आम्हीपण तेच काढायचो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचो. पण त्या ठिपक्याचं पुढं काय झालं हे कुणी विचारतही नाही आणि सांगतही नाही, जसं काही काम झाल्यावर तो आपला आपण घरी गेला. तो असा जात नसतो. त्याला कुणीतरी तोडावं लागतं, नाहीतर परत ओढून घ्यावं लागतं, नाहीतर वाऱ्यावर किंवा रक्तावर वाहून जाऊ द्यावं लागतं, आणि हे वेळेत झालं नाही तर जीव जातो. उगाच भारी वाटावं म्हणून लिहीत नाहीये, खाली येईलच.

मुद्दा साधा आहे. आवाज केला की तो विरतो, दिवा बंद केला की उजेड गेला, पण रेणू ही वस्तू आहे, सोडली की ती तिथंच पडून राहते. म्हणजे केमिकलनं बोलायचं ठरवलं की आधीचं पुसायची सोय पण करावीच लागते, फळा पुसलाच नाही तर पुढचं वाक्य लिहिणार कुठं. आणि मला तर असं वाटायला लागलंय की पेशींच्या, किड्यांच्या, झाडांच्या सगळ्या गप्पांमध्ये खरी डोकेबाज इंजिनिअरिंग या पुसण्यातच आहे. पाठवणं त्यामानानं सोपं.

सुरुवात ओटो लोवीपासून करू कारण ती गोष्ट मला फारच आवडते. १९२१. नर्व्हमधून स्नायूकडे निरोप जातो तो करंटनं की केमिकलनं यावर तेव्हा जोरदार वाद होता. लोवीला रात्री झोपेत प्रयोग सुचला, उठून कागदावर खरडलं, सकाळी बघतो तर स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच परत सुचलं तेव्हा मात्र गडी सकाळची वाट न बघता थेट लॅबमध्ये गेला. बेडकाची दोन हृदयं घेतली, दोन्ही खारट द्रावणात धडधडतायत, एकाची व्हेगस नर्व्ह शाबूत ठेवलेली. ती नर्व्ह डिवचली, हृदय मंदावलं. आता त्या हृदयातलं द्रावण काढून दुसऱ्या हृदयावर घातलं, ज्याला नर्व्हच नाही, तर तेही मंदावलं! म्हणजे द्रावणात काहीतरी उतरलंय. ते काहीतरी म्हणजे अॅसिटिलकोलीन, आणि त्यासाठी १९३६ चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल दोघांना मिळून.

पण गंमत पुढं आहे. लोवीनं नंतर स्वतःच सांगून ठेवलंय की दिवसा शांतपणे विचार केला असता तर हा प्रयोग केलाच नसता. कारण नर्व्ह असलं केमिकल सोडत असेलच तर अगदी गरजेपुरतं सोडणार, बाहेरच्या द्रावणात सांडेल एवढं जास्तीचं कशाला सोडेल. तर्क चुकीचा नाहीच. शरीरात अॅसिटिलकोलीन असं सांडून फिरत बसत नाही कारण शेजारीच एक एन्झाइम टपून बसलेलं असतं, अॅसिटिलकोलीनएस्टरेज, आणि त्याचा स्पीड असा की एक एन्झाइम सेकंदाला हजारो रेणू तोडतं. आपल्याला माहीत असलेल्या सगळ्यात वेगवान एन्झाइम्सपैकी ते एक आहे. विचार करा, निसर्गानं एवढा वेग दिला कुणाला तर पुसणाऱ्याला. बोट हलवायची ऑर्डर आली, रेणू सुटले, त्या चिंचोळ्या फटीतून पलीकडे पोचले, स्नायू आखडला, आणि मिलिसेकंदाच्या आसपास फट परत रिकामी. म्हणून तर आपण एका सेकंदात बोट किती वेळा हलवू शकतो, नाहीतर एकदा मूठ आवळली की आवळलेलीच.

आणि हे एन्झाइम बंद पाडलं तर काय होतं हे माणसानं करूनही बघितलं. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं नेमकं हेच करतात, एन्झाइमच्या तोंडातच जाऊन चिकटतात. किड्यासाठी बनवलं पण आपलं एन्झाइमही त्याच घाटाचं, त्यामुळे विषबाधा झालेल्या माणसाची लाळ गळते, डोळ्यातून पाणी येतं, दरदरून घाम सुटतो, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, हृदय मंदावतं, स्नायू आधी फडफडतात आणि मग ढिले पडतात, कारण सतत ओरडा ऐकून ऐकून त्यांनी ऐकणंच सोडलेलं असतं, आणि त्यात श्वासाचे स्नायूही आले. इथं विषानं नवीन असा कुठलाच सिग्नल आणलेला नसतो हे लक्षात घ्या, शरीराचाच रोजचा सिग्नल, फक्त न पुसलेला. सरीन हा नर्व्ह गॅस याच घराण्यातला, १९३८ मध्ये जर्मनीत कीटकनाशकांवर काम चालू असतानाच सापडलेला. उपचारही बघा कसे, अॅट्रोपीन देतात जे ठरावीक रिसेप्टरचे (म्हणजे आकृतीतल्या त्या खाचांचे) कानच बंद करतं, आणि प्रॅलिडॉक्सिम देतात जे एन्झाइमला चिकटलेलं विष उचकटून काढतं. म्हणजे एक औषध ऐकणाऱ्याला, दुसरं पुसणाऱ्याला.

आता शरीराबाहेर येऊ. रेशमाच्या पतंगाची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, अडॉल्फ ब्युटेनांड्टच्या टीमनं साधारण वीस वर्षं घालवून, पाच लाखांच्या आसपास माद्या गोळा करून १९५९ मध्ये बॉम्बिकॉल, म्हणजे नराला बोलावणारा मादीचा वास (असल्या वासाच्या निरोपाला फेरोमोन म्हणतात), वेगळं काढलं, हातात पडलं काही मिलिग्रॅम. नराच्या मिशांवरच्या एका पेशीला एक रेणू लागला तरी ती पेटते. हे सगळे सांगतात, आणि आहेच ते भारी. पण मग हा प्रश्न कुणाला कसा पडत नाही की एक रेणू पुरत असेल तर तो एकदा आत शिरल्यावर पेशी पेटलेलीच राहत नाही का? नर पतंगाला फक्त "मादी आहे" एवढं कळून काय उपयोग, कुठल्या दिशेला आहे ते कळायला हवं. वास काही नीट दोरीसारखा येत नाही, वाऱ्यानं त्याचे तुकडे तुकडे होतात, तुकडा, मोकळी हवा, परत तुकडा. पतंग तुकडा लागला की वाऱ्याविरुद्ध पुढं झेपावतो आणि वास तुटला की आडवा डावीउजवीकडे भिरभिरत शोधतो. म्हणजे वास येणं ही जेवढी बातमी तेवढीच वास थांबणं हीपण बातमी, आणि थांबलेलं कळायचं तर मिशीतला आधीचा रेणू गायब झालेला पाहिजे.

तर होतो की! १९८५ मध्ये एका मोठ्या रानटी रेशीम पतंगाच्या मिशांमधलं एन्झाइम तपासलं तेव्हा असा हिशोब निघाला की तिथं फेरोमोनचं अर्धं आयुष्य (निम्मे रेणू संपायला लागणारा वेळ) साधारण १५ मिलिसेकंद असावं. पंधरा मिलिसेकंद! पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. आणि याच्यावरच शेतीतली एक युक्ती उभी आहे, अख्ख्या शेतात ठिकठिकाणी कृत्रिम फेरोमोन सोडणारे डिस्पेन्सर लावून ठेवायचे. सगळीकडे सारखाच वास भरून राहिला की नराला तुकडे आणि फटी यातला फरकच लागत नाही, कानही बधिर होतात (कान कसले, मिशा), मादी सापडत नाही, अळ्या कमी. किड्याला मारायचं नाही, फक्त त्याचा फळा खडूनं पूर्ण पांढरा करून टाकायचा.

मुंग्यांचं तर विचारूच नका. फायर अँट नावाच्या मुंगीनं खाणं सापडल्यावर परतताना जमिनीवर जी वासाची रेघ ओढलेली असते ती एकटीची असेल तर दोनेक मिनिटांत उडून जाते. वाटतं की टिकाऊ केमिकल वापरायला काय झालं होतं? पण टिकाऊ असतं तर खाणं संपल्यावरही अख्खी फौज तिकडेच पळत राहिली असती. उडून जातं म्हणूनच काम होतं. खाणं आहे तोवर प्रत्येक मुंगी येताना रेघ गिरवते, संपलं की गिरवणं बंद, रेघ आपोआप पुसली, कुणी "आता जाऊ नका" म्हणून सांगायला लागत नाही. पुसायचा खर्च शून्य, काम ऊन-वारंच करतं.

उलटं उदाहरणही आहे कारण प्रत्येक निरोप झटपट पुसला जावा असं थोडंच असतं. उंदराच्या नराला स्वतःच्या हद्दीची खूण करायची असते, ती दोन मिनिटांत उडाली तर काय कामाची. म्हणून त्याच्या मुतात एक खास प्रोटीन भरपूर असतं, त्याला मध्ये पोकळी, त्या पोकळीत वासाचे रेणू बसवलेले आणि ते हळूहळू सुटतात. आपल्या शरीरातही तसंच, इन्सुलिन रक्तात काही मिनिटं टिकतं आणि थायरॉइडचं टी-फोर हे हार्मोन साधारण आठवडाभर, कारण एकाचं काम आत्ताच्या साखरेचं आणि दुसऱ्याचं एकूण संसार कुठल्या गतीनं चालवायचा याचं.

मुंग्यांचं अजून एक सांगतो आणि मग पुढं जातो. १९५८ मध्ये ई. ओ. विल्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मुंगी मेली हे बाकीच्या मुंग्यांना ओलेइक आम्लासारख्या वासावरून कळतं, जे मेल्यावर अंगात तयार होतं. मग त्यांनी चक्क जिवंत मुंगीला ते लावलं. बाकीच्यांनी तिला उचलली आणि कचऱ्याच्या ढिगावर नेऊन टाकली. ती पाय झाडतेय, धडपडतेय, चालत परत येतेय, परत उचलली, परत ढिगावर. स्वतःला चाटूनपुसून स्वच्छ करेपर्यंत तिला वारुळात प्रवेश नाही. डोळ्यासमोर पाय हलतायत पण वास म्हणतोय मेलीय, तर मेलीय. (ऑफिसात असं झालेलं पाहिलंय, पण ते असो.)

आता माझं सगळ्यात लाडकं, डिक्टिओस्टेलियम. नाव घेताना जीभ अडकते, आपण नुसतं डिक्टी म्हणू. मातीत राहणारा अमीबा, एकेकटा, बॅक्टेरिया खाऊन मजेत. खाणं संपलं की मात्र एखादी पेशी सायक्लिक एएमपी नावाचा रेणू बाहेर सोडते. शेजारची पेशी तो ओळखते, त्या दिशेनं थोडी सरकते आणि स्वतःही तोच रेणू सोडते, मग तिची शेजारीण, असं करत करत लाट बाहेर पसरत जाते. साधारण दर सहा मिनिटांनी एक लाट. टाइम-लॅप्स व्हिडिओ मिळाला तर नक्की बघा, काळ्या-पांढऱ्या गोल आणि चक्राकार लाटा निघतायत आणि पेशी धक्क्याधक्क्यानं केंद्राकडे सरकतायत. लाखभर पेशी एकत्र येऊन एक दोन-चार मिलिमीटरची गोगलगायीसारखी वस्तू बनते, सरपटते, मग उभी राहून देठ आणि टोकावर बीजाणूंचा गोळा. देठातल्या पेशी, सुमारे वीस टक्के, मरतात, बाकीच्यांना उंचीवर धरून ठेवण्यासाठी.

इथं पुसण्याचं काय? दोन सोयी आहेत. एक म्हणजे या पेशी सायक्लिक एएमपीसोबत ते तोडणारं एन्झाइमही बाहेर टाकतात, फॉस्फोडायएस्टरेज. स्वतःच ओरडायचं आणि स्वतःच तो ओरडा मिटवायचा, ऐकायला येडपटपणा वाटतो. पण ज्या म्युटंट पेशींमध्ये या एन्झाइमचं जीन काढून टाकलंय त्यांना एकत्रच येता येत नाही. सगळीकडे सारखंच सायक्लिक एएमपी भरलं की चढ कुठला आणि उतार कुठला, जायचं कुठं? पतंगाचं शेत आठवा, तीच गत. दुसरी सोय म्हणजे एकदा सिग्नल सोडला की पेशी थोडा वेळ बहिरी होते. म्हणून लाट मागे फिरत नाही, फक्त बाहेरच जाते. ना मेंदू, ना मुकादम, आणि तरी लाखभर जणांची शिस्तीत गर्दी. मला हे बघून कायम वाटतं की "कम्युनिकेशन" शिकवायचं तर यांच्याकडून.

आणि हा सायक्लिक एएमपी काही डिक्टीची खासगी मालमत्ता नाही. अर्ल सदरलँडनं तो १९५० च्या दशकात यकृतावर अॅड्रेनलिनचं काम कसं होतं हे शोधताना पकडला होता (१९७१ चं नोबेल), अॅड्रेनलिन स्वतः पेशीत शिरतच नाही, बाहेरून दार वाजवतं आणि आत हा रेणू तयार होतो. मधे निरोप आत पोचवणारं एक जी-प्रोटीन असतं. त्यानं जीटीपी नावाचा छोटा रेणू धरला की ते चालू, आणि त्याच्या आतच टायमर आहे, ते स्वतःच जीटीपी तोडून स्वतःला बंद करतं. ही कल्पना मला कमालीची वाटते, चालू होतानाच बंद होण्याची वेळ ठरलेली.

कॉलराचं विष नेमकं या टायमरवर घाला घालतं. (कॉलरा विषामुळे होतो हे १९५९ मध्ये कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर दाखवून दिलं, बॉम्बिकॉलचंच वर्ष, पण या माणसाचं नाव किती जणांना माहीत आहे!) विष आतड्याच्या पेशीत जाऊन जी-प्रोटीनला एक तुकडा चिकटवतं, टायमर बिघडतो, प्रोटीन चालूच राहतं, सायक्लिक एएमपी वाढत राहतं, क्लोराइडचे दरवाजे उघडे, मागोमाग पाणी. वाईट केसमध्ये तासाला लिटरभर पाणी बाहेर. आणि बिघडलेलं प्रोटीन दुरुस्त होतं म्हणून माणूस बरा होतो असं नाहीये, आतड्याच्या अस्तराच्या पेशीच काही दिवसांत झडतात आणि नव्या येतात. तोपर्यंत शरीरात पाणी आणि मीठ टिकवलं की सुटलो. ओआरएसचं काम तेवढंच, आणि ते होतं कारण साखरेबरोबर मीठ आत घेणारा रस्ता वेगळा आहे, त्याला विषानं हात लावलेला नसतो.

बॅक्टेरियाचं थोडक्यात. हवाईच्या समुद्रात एक छोटा स्क्विड असतो, त्याच्या पोटाखाली चमकणारे व्हिब्रिओ फिशरी राहतात. प्रत्येक बॅक्टेरिया एक रेणू सोडतो, गर्दी झाली की रेणू पुरेसा साचतो आणि सगळे एकदम पेटतात, एकट्यानं पेटून कुणाला दिसणार. रात्री त्या उजेडामुळे स्क्विडची सावली खाली पडत नाही. आणि सकाळी स्क्विड काय करतो, नव्वद टक्क्यांहून जास्त बॅक्टेरिया बाहेर फेकून देतो. गर्दी मोडली, सिग्नल पातळ झाला, उजेड गेला, उरलेले दिवसभर वाढून संध्याकाळपर्यंत परत तयार. मातीतले काही बॅसिलस तर दुसऱ्यांचे असले सिग्नल तोडणारं एन्झाइमच बाळगून असतात, म्हणजे शत्रूला मारायच्या भानगडीत न पडता त्यांचं आपसातलं बोलणंच बंद पाडायचं.

झाडांच्या बाबतीत आपण पुसता न येणारा सिग्नल मुद्दाम बनवला. ऑक्सिन हे झाडाचं वाढीचं हार्मोन, झाड ते गरजेप्रमाणे बनवतं आणि मोडतंही. टू-फोर-डी हे तणनाशक १९४० च्या दशकात आलं, ते ऑक्सिनची नक्कल, पण झाडाला पटकन मोडता येत नाही. रुंद पानांचं तण त्यानं वेडंवाकडं वाढतं, देठ पिळवटतात, आणि वाढता वाढताच मरतं.

औषधांचं दुकान तर अर्धं याच तत्त्वावर आहे असं म्हटलं तरी चालेल. डिप्रेशनवरची एसएसआरआय औषधं सेरोटोनिन वाढवून देत नाहीत, ते परत ओढून घेणारा पंप अडवतात. सिल्डेनाफिल (व्हायग्रा) नवीन सिग्नल देत नाही, सायक्लिक जीएमपी (सायक्लिक एएमपीचा भाऊबंद) तोडणारं एन्झाइम अडवतं. आणि मधुमेहाच्या आणि वजन कमी करायच्या औषधांमुळे ज्याचा सध्या एवढा गवगवा आहे ते जीएलपी-१, जेवल्यावर आतड्यातून सुटणारं हार्मोन, रक्तात त्याचं अर्धं आयुष्य दोनेक मिनिटं, कारण डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याचं टोक कापतं. एक रस्ता म्हणजे त्या एन्झाइमलाच अडवा, त्या ग्लिप्टिन गोळ्या. दुसरा रस्ता जॉन इंग यांना १९९० च्या सुरुवातीला गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात सापडला, जीएलपी-१ सारखंच काम करणारं पण त्या एन्झाइमला दाद न देणारं प्रोटीन. त्यावरून औषध आलं २००५ मध्ये. पुढं सेमाग्लुटाइडमध्ये माणसाच्याच हार्मोनची अशी डागडुजी केली की ते आठवडाभर टिकतं. शरीरानं दोन मिनिटांत पुसायचं ठरवलेलं वाक्य आपण आठवडाभर तसंच ठेवतोय, मग मळमळ वगैरे होते यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

शेवटचं, आणि हे जरा अवघड आहे. पेशीला "वाढ" सांगणाऱ्या साखळीत रास नावाचं प्रोटीन असतं, त्यालाही जी-प्रोटीनसारखाच टायमर, फक्त एकट्याला जमत नाही, एक मदतनीस प्रोटीन येऊन आत बोट घालतं तेव्हा तो नीट चालतो. रासच्या १२व्या जागेवर ग्लायसीन असतं, सगळ्यात छोटं अमिनो आम्ल. म्युटेशन होऊन तिथं दुसरं जवळजवळ काहीही आलं की बोट घालायला जागाच उरत नाही, आणि रास चालू ते चालूच. बाहेरून कुणी "वाढ" म्हणत नसतानाही पेशी वाढत राहते. खूपशा कॅन्सरमध्ये हा बिघाड सापडतो, आणि कित्येक दशकं या प्रोटीनवर औषधच निघेना कारण ते गुळगुळीत, पकडायला खोबणी नाही. २०२१ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी सोटोरासिबला अमेरिकेत मंजुरी मिळाली, ते १२व्या जागी सिस्टीन आलेल्या रासला पकडतं आणि तेही तो क्षणभर बंद अवस्थेत असताना, आणि मग त्याला चालू होऊच देत नाही. निरोगी रासमध्ये तिथं सिस्टीन नसतंच, त्यामुळे त्याला धक्का लागत नाही. पण हे फक्त त्या एका म्युटेशनपुरतं, आणि बऱ्याच पेशंटमध्ये काही महिन्यांनी गाठ दुसऱ्या कुठल्यातरी वाटेनं परत चालू होते.